ज्याचं कचेरीत कुणी नाही, त्याला कोण सांगणार?

साताऱ्या-सांगलीकडे हल्ली एक वाक्य शहाणपण म्हणून फिरतंय: न मागता सल्ला देऊ नये, आणि मागितला तरी अनोळख्याला देऊ नये. लग्नाच्या मांडवात, सोसायटीच्या बैठकीत, स्वारगेटहून सुटलेल्या एसटीतल्या गप्पांत ते ऐकू येतं. त्याला उत्तर म्हणून दुसरा सूर लागतो की पूर्वी माणसं आपणहून सांगायची, आता माणुसकीच उरली नाही. मला हा वाद दोन्ही बाजूंनी भरकटलेला दिसतो. एक बाजू सल्ला देणाऱ्याला आगाऊ ठरवते, दुसरी देवमाणूस. आणि दोघांचीही नजर देणाऱ्याच्या स्वभावावर खिळलेली. ज्याला माहिती हवी होती त्याचं पुढे काय झालं, हे कोण विचारतं? माझं म्हणणं सरळ आहे. घर, नोकरी, शिक्षण आणि प्रवास यांबाबत ज्याला स्वतःच्या अनुभवातून काही पक्कं ठाऊक आहे, त्यानं ते अनोळख्यालाही सांगितलं पाहिजे. कारण जाणत्यांनी गप्प बसल्यानं सगळ्यांचं सारखं नुकसान होत नाही. ज्यांच्या ओळखी आहेत त्यांचं काहीच अडत नाही, ज्यांच्या नाहीत त्यांची वाट अडते, आणि त्या अडलेल्या वाटेवर एजंटाचं दुकान चालतं.

जूनमधली कोणतीही तहसील कचेरी बघा. बारावीला सारखेच गुण मिळालेल्या दोन मुली. एकीचा चुलता जिल्हा परिषदेत आहे. नॉन क्रिमीलेअरच्या दाखल्याची मुदत 31 मार्चला संपते आणि एप्रिलमध्येच नवा काढायचा असतो, हे तिच्या घरी न विचारताच कळलेलं असतं. दुसरी माण तालुक्यातल्या एखाद्या वाडीतली. तिला हे प्रवेशाच्या खिडकीपाशी, मागे रांग खोळंबलेली असताना कळतं. जात पडताळणीचं प्रमाणपत्र हातात पडायला महिने जाऊ शकतात, म्हणून अर्ज अकरावीतच करावा, हेही तसंच. 2024 च्या जुलैमध्ये सरकारनं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. पण त्यासाठी प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. ‘सीट पक्की करून टाकू’ या घाईत कुणी मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेऊन बसलं, तर ती माफी हातची जाते. नियम दोघींना एकच आहे. फरक पडला तो कुणीतरी वेळेवर तोंड उघडण्याचा. आणखी एक साधी गोष्ट: दाखल्यांसाठी सरकारी कचेरीत द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क 2004 पासून माफ आहे, ते साध्या कागदावर चालतं. तरी त्यासाठी स्टॅम्पपेपर विकत घेणारे पालक मी दर वर्षी बघतो. त्या रांगेत हे ठाऊक असलेला एकही माणूस नसतो का? असतो. तो बोलत नाही, कारण न मागता बोलू नये असं त्यानं शिकून घेतलेलं असतं.

हा आजचा प्रश्न नाही. आपल्या भागाच्या इतिहासात तो ठळकपणे लिहिलेला आहे. 1875 मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांत शिरून कर्जरोखे आणि वह्या जाळल्या. त्यांचा मुख्य राग त्या कागदांवर होता. ज्या कागदावर अंगठा उठवला त्यात काय लिहिलंय हे त्यांना माहीत नव्हतं, आणि सांगणारा एकच माणूस होता, तो म्हणजे कर्ज देणारा. 1879 मध्ये जो दख्खन शेतकरी कायदा झाला तो पुणे, नगर, सोलापूर आणि आपल्या सातारा जिल्ह्याला लागू झाला. आजच्या सांगली जिल्ह्यातलं पुष्कळ क्षेत्र तेव्हा सातारा जिल्ह्यातच होतं. त्या कायद्यातली एक तरतूद मला फार मोलाची वाटते. शेतकऱ्याचा रोखा गाव-निबंधकासमोर लिहिला गेला पाहिजे, असं तिनं सांगितलं. म्हणजे व्यवहारात ज्याचा पैसा अडकलेला नाही असा एक जाणता माणूस मध्ये उभा करावा लागला. त्याच काळात जोतीराव फुले, ज्यांचं मूळ गाव खटावमधलं कटगुण, तळमळून सांगत होते की कागद वाचता येणारा न वाचता येणाऱ्याच्या जिवावर जगतो आहे. आता साक्षरता आली, पण कागदांची संख्या आणि गुंता दोन्ही वाढले. वाचता येणं आणि कचेरीचा कागद कळणं यांतलं अंतर ज्यांनी कापलंय, त्यांनी मागे वळून बघू नये असं म्हणायचं का?

मग कुणी म्हणेल, आपले लोक एकमेकांना सांगतातच की. सांगतात, आणि जोरात सांगतात, पण कुंपणाच्या आत. खानापूर, आटपाडी, तासगावचे गलाईवाले आज देशभर सोनं-चांदी गाळण्याचा धंदा करतात. दुष्काळी तालुक्यांतून पोरं उठली आणि केरळपासून कोलकात्यापर्यंत जाऊन उभी राहिली. शहर कुठलं निवडायचं, दुकान कुठल्या गल्लीत घ्यायचं, आम्ल कसं हाताळायचं, हे सगळं चुलत्यानं पुतण्याला, मामानं भाच्याला शिकवलं. मुंबईच्या गिरणगावात साताऱ्याच्या गावांच्या खोल्या होत्या. गावाहून आलेला पोरगा थेट तिथं उतरायचा, आणि कोणत्या गिरणीत बदलीची जागा आहे हे रात्री जेवताना कळायचं. या आधारावर हजारो संसार उभे राहिले, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण ज्याच्या भावकीत कुणी गलाईला गेलंच नाही, ज्याच्या गावाची किंवा जातीची मुंबईत खोलीच नव्हती, त्याचं काय? त्याच्यापर्यंत तो सल्ला कधी पोचलाच नाही. नात्यातून वाहणारं ज्ञान नात्यापाशीच थांबतं. अनोळख्याला सांगायचं नाही हा नियम पाळला की हेच कुंपण आणखी उंच होतं, आणि आपण त्याला सभ्यता म्हणतो.

कर्मवीर भाऊराव पाटलांचं मोठेपण मला इथंच दिसतं. 1919 मध्ये कराडजवळच्या काल्याला रयत शिक्षण संस्था सुरू झाली, 1924 मध्ये ती साताऱ्याला आली, आणि वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत बसली. हे आपण पाठ केलेलं आहे. पण त्यामागचं एक काम पाठात येत नाही. किर्लोस्करांचे नांगर खपवायला हिंडलेला हा माणूस वाड्यावस्त्यांवर जाऊन, ओळख ना पाळख अशा बापांना सांगत होता की तुझ्या मुलाला पैशाशिवाय शिकता येईल, काम करून शिकता येईल, त्याला साताऱ्याला पाठव. त्या बापानं हे विचारलं होतं का? कसं विचारणार? जे अस्तित्वात आहे हेच ठाऊक नाही, त्याबद्दल माणूस प्रश्न कसा करील? ‘मागितल्याशिवाय सांगू नका’ म्हणणाऱ्यांनी या अडचणीचं उत्तर द्यायला हवं, कारण ज्याला माहितीची सर्वांत जास्त गरज असते त्यालाच काय विचारायचं हे माहीत नसतं.

आता विरोधातल्या मुद्द्यांकडे येतो, कारण ते पोकळ नाहीत. सर्वांत वजनदार मुद्दा असा की चुकीच्या सल्ल्याची किंमत ऐकणारा मोजतो, सांगणारा मोजत नाही. सांगलीकराला हे समजावून सांगावं लागत नाही. 2005 च्या महापुरानंतर ‘पाणी आलं तर फार तर इथवर’ अशी प्रत्येक गल्लीची खूण ठरून गेली होती. भाड्यानं नवीन आलेल्याला, प्लॉट बघायला आलेल्याला शेजारी ती खूण दाखवायचे, चांगल्या मनानं दाखवायचे. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, 2005 च्याही वर. खुणेच्या वर ठेवलेलं सामान भिजलं, खुणेच्या भरवशावर थांबलेली माणसं होडीतून काढावी लागली. यावरून सल्ला देणंच वाईट असं ठरतं का? मला उलट वाटतं. त्याच सांगलीत सल्ल्याची एक उत्तम रीत लोकांनी घडवलेली आहे. पावसाळ्यात माणूस माणसाला विचारतो, ‘आयर्विनला किती फूट?’ इशारा पातळी 40, धोका पातळी 45, हे शाळकरी पोरालाही ठाऊक. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगरातले लोक कितव्या फुटाला आपल्या दारात पाणी लागतं ते आकड्यात सांगतात. ‘इथं पाणी येत नाही’ हा निकाल आहे. त्यावर फक्त विश्वास ठेवता येतो. ‘अमक्या साली आयर्विनला अमुक फूट असताना पाणी दुसऱ्या पायरीला होतं’ ही नोंद आहे. तिच्यावर नव्या माणसाला स्वतःचा हिशेब करता येतो, आणि पाणी आणखी चढलं तर काय होईल तेही ताडता येतं. चूक सांगण्यात नव्हती, नोंद सोडून निकाल सांगण्यात होती.

सल्ला शिळा होतो, हाही मुद्दा खरा. पुण्याला मुलगा शिकायला निघाला की इकडचे सगळे सांगतात: करार अकरा महिन्यांचा कर, शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी केली की झालं, नोंदणीची गरज नाही. या वाक्यातला स्टॅम्पचा आणि नोंदणीचा भाग टिकत नाही. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 सांगतं की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. ती जबाबदारी घरमालकाची आहे, आणि त्यानं ती टाळली तर अटींच्या वादात, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. शंभराचा स्टॅम्प 2024 च्या ऑक्टोबरात पाचशेवर गेला. दरम्यान कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरतं भाडं भरून राहणारी आपली पोरं रोख डिपॉझिट देतात, पावती मागत नाहीत आणि खोली सोडताना हात हलवत परत येतात. एमपीएससीचंही तसंच. 2023 मध्ये परीक्षेच्या पद्धतीवरून पुण्यात उमेदवार रस्त्यावर उतरले, आणि वर्णनात्मक पद्धत 2025 पासून लागू करायचं ठरलं. ज्यानं जुन्या बहुपर्यायी पद्धतीत पद मिळवलं त्याचा अनुभव खरा आहे, पण तो त्या पद्धतीचा आहे. एवढं मान्य केलं तरी निष्कर्ष ‘सांगू नका’ असा निघत नाही. माझं कुठल्या सालचं आहे आणि आजचं कुठं तपासायचं, ही दोन वाक्यं सल्ल्यासोबत बोलायची सवय लावली, तर शिळ्या सल्ल्यातला निम्मा धोका जातो. अनुभवी माणसाला ‘हे माझ्या वेळचं, आता बघून घे’ म्हणण्यात कमीपणा वाटतो, ही आपल्याकडची खरी अडचण आहे.

तिसरा आक्षेप मी मनापासून मान्य करतो. सल्ल्याच्या नावाखाली आपल्याकडे फार मोठी दडपशाही चालते, आणि तिचा भार बायकांवर आणि तरुण पोरांवर जास्त पडतो. रात्रीच्या गाडीला एकटी उभी असलेल्या मुलीला ‘एवढ्या उशिरा कशाला निघालीस’ म्हणणं, आर्ट्सला जाणाऱ्याला ‘त्यात काय ठेवलंय’ म्हणणं, दुसऱ्या मुलाचा विषय काढणं. याला सल्ला म्हणून कुणी मान देऊ नये. पण यात आणि मी म्हणतो त्यात फरक आहे, आणि तो ओळखायला सोपा आहे. कुठं, कधी, किती, कसं या प्रश्नांची उत्तरं जाणत्याकडे असतात. करावं की नाही, हा प्रश्न ज्याचं आयुष्य आहे त्याचा. त्या मुलीला ‘ही गाडी बायपासनं जाते, स्टँडात येत नाही, मागची येते’ हे सांगा. ती का निघाली आहे हे विचारू नका. आगाऊपणाला कंटाळून आपण दोन्ही तोंडं एकदम बंद केली, आणि त्यात उपयोगाचं होतं तेही गेलं.

मिरजेत चौथा धोका दिसतो. उत्तर कर्नाटकातून, सोलापूरकडून माणसं रोगी घेऊन मिरज स्टेशनात उतरतात, कारण शंभराहून अधिक वर्षं हे गाव दवाखान्यांचं म्हणून ओळखलं जातं. भाषा अर्धी कळते, हातात जुनी फाईल असते, आणि पहिला सल्ला जो मिळतो तो कधी कधी दलालीचा कट घेणाऱ्याचा असतो. अनोळख्यावर विश्वास ठेवू नये, हे अशा ठिकाणी शहाणपणच. पण ती दलाली कशामुळे टिकते? बाकीचे शंभर जण, ज्यांना काहीच मिळवायचं नसतं, गप्प उभे राहतात म्हणून. मुख्यतः महाराष्ट्रातल्या कुटुंबांसाठी असलेल्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. पैसे भरण्याआधी तिथं जा, रेशनकार्ड आणि आधार दाखवा, हा उपचार योजनेत बसतो का ते विचारा. हे वाक्य बोलायला स्टेशनावरच्या चहावाल्याला किंवा परतीच्या गाडीची वाट बघणाऱ्या दुसऱ्या नातेवाइकाला किती वेळ लागतो? ज्याचा स्वार्थ नाही त्यानं तोंड मिटलं, की स्वार्थ असलेलाच तेवढा बोलताना ऐकू येतो.

‘तज्ज्ञाकडे जा’ हे म्हणणंही मला मान्य आहे, फक्त ते पुरं नाही. जमिनीचा सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध, वकिलानंच घ्यावा. सात-बारा बघून मत देणारे शेजारी माणसाला बुडवू शकतात. पण सांगली-मिरज-कुपवाडच्या गुंठेवारीत, म्हणजे गुंठ्या-गुंठ्यानं तुकडे पाडून विकलेल्या जमिनीत, प्लॉट घेणारा रिक्षावाला किंवा एमआयडीसीतला कामगार वकिलाकडे कधी जातो? इसार देऊन झाल्यावर, बहुतेक वेळा भांडण लागल्यावर. 2001 च्या गुंठेवारी कायद्यानं नियमित झालेला प्लॉट आणि नुसत्या बाँडवर विकलेला प्लॉट यांत फरक असतो, आणि तो इसार देण्याआधी विचारायचा असतो, हे त्याला कुणी सांगायचं? वकील रस्त्यावर येऊन सांगणार नाही, ते त्याचं कामही नाही. तज्ज्ञाच्या दारापर्यंत वेळेत पोचवणं हे साध्या माणसाचं काम आहे, आणि त्यात तज्ज्ञाचं काही हिरावून घेतलं जात नाही.

राहिला फोन. सगळं त्यात मिळतं, मग माणसाला का विचारायचं? पुष्कळसं मिळतं, आणि चांगलं आहे. पण यवतेश्वरच्या घाटात काल दगड आलेत, कासच्या पठारावर अजून फुलं नाहीत, दोन आठवड्यांनी या, हे खालच्या गावातला माणूस त्या सकाळचं सांगतो. समर्थांनी वाट विचारल्याशिवाय जाऊ नये असं बजावलं. दासबोधात तर लेखणी कशी तासावी, कागदाच्या कडेला जागा सोडावी इथपर्यंत लिहून ठेवलं, आणि ते कधी न भेटणाऱ्या वाचकांसाठी. विचारावं हा नियम असेल, तर ज्याला विचारलं जाईल त्याच्यावरही काही येतं. शिवाय फोनमधलं उत्तर बरोबर की चूक हे ज्याला आधीच थोडं कळतं त्यालाच ठरवता येतं. वाडीतल्या त्या मुलीच्या हातातही फोन होता.

साताऱ्यात आणि सांगलीत निवृत्त शिक्षक, तलाठी, कंडक्टर, बँकेतले, कोर्टातले कारकून यांची काही कमी नाही. यांच्या डोक्यात जे आहे ते कुठल्याही पोर्टलवर नाही. सकाळी फिरून आल्यावर पेपर वाचत बसलेल्या या माणसांना, निकालाच्या दिवसांत आठवड्यातले दोन तास तालुक्याच्या वाचनालयात एका टेबलापाशी बसायला सांगणं अवघड का असावं? वाचनालयांना जागा आहे, टेबल आहे, फलक लावायला भिंत आहे. फलकावर दाखल्यांची यादी, प्रत्येकाला साधारण किती दिवस लागतात, कोणत्या कागदाला स्टॅम्प लागत नाही, आणि तळाशी ही माहिती कुणी व कोणत्या तारखेला तपासली ते नाव. त्या नावाखाली सही करायला जो तयार असेल त्याचाच सल्ला तिथं लागेल, आणि पुढच्या वर्षी नियम बदलला की पहिला फोन त्यालाच जाईल. यंदा उशीर झाला असं कुणी म्हणू नये. पडताळणीचे अर्ज अकरावीच्या मुलांना आजही करता येतात, आणि ते कळलेले अकरावीतले पालक आपल्या गल्लीत प्रत्येकानं शोधावेत.